निशिगंधाला नुसतीच पाने येतात, दांडा येत नाही: कारणे आणि उपाय

घरच्या बागेत निशिगंध, म्हणजेच गुलछडी, लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच क्रमाने येते. पहिल्या वर्षी नव्याने आणलेले कंद छान फुलतात, दुसऱ्या वर्षी दांडे कमी होतात आणि तिसऱ्या वर्षी कुंडी किंवा वाफा हिरव्यागार पानांनी गच्च भरतो, पण गौरी-गणपती येऊन गेले तरी एकही दांडा वर दिसत नाही. मग कोणी शेणखत वाढवायला सांगते, कोणी युरियाची चिमूट टाकायला सांगते, आणि झाड आणखीच माजते. काही जण कंटाळून सगळे उपटून टाकतात, नवे कंद आणतात आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन बसतात.

ही अडचण सुटण्यासारखी आहे. मात्र तिचे निदान पानांकडे पाहून होत नाही. पाने टवटवीत दिसली की झाड सुखात आहे असे आपण धरून चालतो, पण निशिगंधाला दांडा येणार की नाही हे मातीखाली ठरते: कंद केवढा आहे, तो आधी फुलून गेलेला आहे का, त्याच्याभोवती गर्दी किती आहे आणि त्याला विश्रांती मिळाली का, यावर. म्हणून खताच्या पिशवीला हात लावण्याआधी खुरपे घ्यावे आणि एक बेट मुळासकट उकरून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

त्याआधी एक साधी खात्री करून घ्यावी, ती लागवडीच्या तारखेची. चांगल्या आकाराचा कंद लावल्यापासून दांडा दिसायला साधारण ८० ते १०० दिवस लागतात. मे महिन्याच्या मध्यावर लावलेला कंद जुलैच्या अखेरीस फुलला नाही, तर त्यात बिघाड काहीच नाही. त्याला अजून वेळ द्यायला हवा. लागवड होऊन चार-साडेचार महिने उलटले, हवा उबदार आहे आणि तरीही मधला कोंब पानेच काढतो आहे, असे असेल तरच पुढचे वाचून उपयोग.

फुलून गेलेला कंद पुन्हा फुलत नाही

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. पोलिअँथस ट्यूबरोझा हे त्याचे जुने शास्त्रीय नाव, पण आता त्याची गणना घायपाताच्या प्रजातीत होते आणि त्याला अगावे अमिका असे म्हणतात. हे नाते जाणून घेण्यासारखे आहे, कारण घायपात ज्याप्रमाणे आयुष्यात एकदाच उंच दांडा काढतो आणि मग संपतो, तीच रीत निशिगंधाच्या प्रत्येक कंदाची आहे. कंदाच्या मधल्या वाढीच्या टोकातूनच दांडा निघतो. तो निघाला की त्या कंदाची वाढ तिथे थांबते. त्यानंतर फुलायचे ते त्याच्या कडेने सुटलेल्या पिल्लांनी. केळीचा खांब घड देऊन संपतो आणि बागेचा पुढचा हिशेब पिलांवर चालतो, तसेच हे आहे. आपण मात्र जुन्याच कंदाकडून दरवर्षी फुलाची अपेक्षा धरतो आणि पिल्लांकडे लक्ष देत नाही.

आता उकरलेले बेट पाहू. माती झटकून ते पाण्याच्या बादलीत हलकेच धुतले की सगळे उलगडते. मधोमध एक जुना, सुरकुतलेला, दाबला तर मऊ लागणारा गड्डा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर कापलेल्या दांड्याची वाळून तपकिरी झालेली खुंटी चिकटलेली असते. हा मातृकंद. त्याच्याभोवती एकमेकांना दाबत, काही वेळा चपटी झालेली पिल्ले असतात: दोन-चार बऱ्यापैकी जाड, बाकीची करंगळीच्या पेराएवढी, आणि काही तर वाटाण्यापेक्षा थोडीच मोठी. प्रत्येकाला स्वतःची पाने आहेत, म्हणून वरून बेट भरगच्च दिसते; परंतु फुलण्याइतका साठा यांपैकी फार थोड्यांजवळ असतो. तिसऱ्या वर्षीच्या हिरव्यागार कुंडीत बहुतेक वेळा हेच आढळते.

फुलण्याजोगा कंद ओळखायला दहा रुपयांचे नाणे पुरते. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. कंदाचा सर्वांत फुगीर भाग नाण्याएवढा किंवा त्याहून मोठा असेल आणि हातात घेतल्यावर तो टणक व वजनदार लागत असेल, तर त्या हंगामात त्याच्याकडून दांड्याची आशा धरायला हरकत नाही. २० मिलिमीटरच्या आसपासचे कंद फुलतातही आणि हुलकावणीही देतात. फुलले तर उशिरा आणि आखूड दांड्यावर. त्याहून लहान पिल्लांनी एक पूर्ण हंगाम, कधी दोन, केवळ अंग धरायचे असते. त्यांना फुलाच्या कुंडीत मोठ्या कंदांच्या सोबत लावणे म्हणजे मोठ्यांच्या वाट्याचे अन्नपाणी वाटून टाकणे होय.

तेव्हा पहिला उपाय हा, की जमिनीतला निशिगंध दर दोन ते तीन वर्षांनी आणि कुंडीतला शक्यतो दरवर्षी, फार तर एक वर्षाआड, पूर्ण काढावा, सुटा करावा आणि निवडून पुन्हा लावावा. शेतकरीही निशिगंधाचे पीक साधारण तीन वर्षांनी मोडून नवी लागवड करतात, त्यामागे हेच कारण आहे. सुटे करताना कंद ओढून तोडू नयेत. खालची चकतीसारखी बूड, जिथून मुळे फुटतात, ती प्रत्येक कंदाला शाबूत राहिली पाहिजे. ती फाटली तर कंद कुजतो किंवा मुळे धरत नाही. खुंटी असलेला जुना मातृकंद बाजूला काढून टाकावा. मोठे कंद फुलांच्या कुंड्यांसाठी ठेवावेत, मधले वाफ्याच्या कडेला लावावेत आणि बारीक पिल्ले एखाद्या पसरट कुंडीत किंवा जुन्या टबात दाट लावून वाढू द्यावीत. पिल्लांचा हा टब उन्हात ठेवला आणि त्याला मोठ्या कुंड्यांच्याच निगुतीने पाणी-खत दिले, तर पुढे विकत कंद आणण्याची वेळ क्वचितच येते.

कुंडीत किती कंद लावावेत, याबाबत बहुतेकांचा हात सैल असतो. १२ इंच तोंडाच्या, तेवढ्याच खोल कुंडीत तीन कंद पुरेत, चार म्हणजे फार झाले. जमिनीत दोन कंदांमध्ये २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. खोली ५ ते ७ सेंटिमीटर, टोक वर. सुरुवातीला कुंडी रिकामी वाटते आणि आणखी दोन-चार कंद खोचण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या मोकळ्या जागेतच पुढच्या वर्षीची फुलणारी पिल्ले पोसली जाणार असतात.

कंद मोठा असूनही दांडा येत नाही, तेव्हा

कंद तपासले, ते मोठे व टणक निघाले, गर्दीही नव्हती, आणि तरीही फुले आली नाहीत, असेही घडते. अशा वेळी पहिला संशय उन्हावर घ्यावा. निशिगंधाला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते. उत्तरेकडच्या गॅलरीत, जाळीच्या खिडकीत किंवा आंब्याच्या पसाऱ्याखाली तो जगतो, पाने लांब सोडतो, ती पाने लोळतात, पण दांडा काढण्याइतका साठा कंदात होत नाही. ऊन हळूहळू कमी होत असेल तर ते ध्यानात येत नाही: कडेचा पेरू किंवा चाफा दोन वर्षांत वाढतो, शेजारी इमारत उभी राहते, गच्चीवर शेडनेट येते. जिथे पूर्वी निशिगंध फुलत होता तिथेच तो आता फुलत नाही, असे सांगणाऱ्यांनी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता त्या जागी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. सावली पडत असेल तर कुंडी हलवावी, वाफा असेल तर कंद दुसरीकडे न्यावेत. सावलीवर खताचा उतारा चालत नाही.

दुसरे कारण नत्राचा (नायट्रोजनचा) अतिरेक. ताजे शेण, शेणाची स्लरी, युरिया, वरचेवर दिलेले कोंबडीखत यांनी पाने भराभर वाढतात, गडद हिरवी आणि मऊ होतात, आणि झाडाचा सगळा भर पानांवर राहतो. निशिगंध खादाड आहे हे खरे. त्याला उपाशी ठेवून फुले मिळत नाहीत. पण त्याला नत्राइतकाच पालाशही (पोटॅश) लागतो, आणि स्फुरद (फॉस्फरस) लागवडीच्या वेळीच मुळांजवळ असावा लागतो. घरगुती प्रमाणात सांगायचे तर कुंडी भरतानाच चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मातीच्या पाव हिश्शाइतके, सोबत एक मूठ हाडांचा चुरा आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळावी. पाने वीतभर झाली की महिन्यातून एकदा संतुलित खत पाकिटावरील प्रमाणात द्यावे आणि साधारण अडीच महिन्यांनंतर जास्त पालाश असलेल्या खतावर यावे. चुलीची राख पालाशासाठी वापरता येते, पण तिने माती विम्लधर्मी होते. काळ्या मातीत ती आधीच तशी असते, तेव्हा तिथे राख जपून, चिमटीनेच टाकावी.

तिसरे कारण मला सर्वांत अधिक खटकते, कारण ते आपण स्वतःच्या हाताने घडवतो. फुले संपल्यावर पसरलेली पाने नीटनेटकी दिसावीत म्हणून ती कात्रीने अर्ध्यावर छाटली जातात, किंवा त्यांची वेणी घालून गाठ मारली जाते. सोसायटीच्या बागेत माळी हे सर्रास करतात. दांडा संपल्यानंतरचे दोन-तीन महिने हाच पिल्ले पोसण्याचा काळ असतो, आणि ती पोसतात या पानांनी बनवलेल्या अन्नावर. पान छाटले की पुढच्या वर्षीचा कंद तेवढा लहान राहतो. वाळलेला दांडा बुडातून अवश्य कापावा, पिवळी पडून सुकलेली पाने काढावीत, परंतु हिरव्या पानाला कात्री लावू नये. घरात फुलदाणीसाठी दांडा कापतानाही तो पानांच्या वरून कापावा, सोबत पानांचा झुबका ओढून काढू नये.

विश्रांती न मिळालेला कंद

मेक्सिकोत ज्या भागातून हे झाड आले, तिथला उन्हाळा पावसाचा आणि हिवाळा कोरडा असतो. वाढायचे ते उबदार आणि ओल्या दिवसांत, आणि कोरड्या दिवसांत मातीखाली पडून राहायचे, हा त्याचा स्वभाव आहे. आपल्याकडे, विशेषतः गच्चीवरच्या बागेत, सगळ्या कुंड्यांना एकाच नळीने बारा महिने पाणी मिळते. त्यामुळे निशिगंध हिवाळाभर सुस्त पण हिरवा राहतो, ना धड वाढतो ना धड झोपतो, आणि बारीक पिल्ले मात्र काढत राहतो. अशा कंदांना पुढच्या हंगामात दांडे कमी आणि मागेपुढे येतात.

पुणे, नाशिक, सातारा, सांगली यांसारख्या भागांत मी पुढील वेळापत्रक सुचवतो. डिसेंबरपासून पाणी कमी करत न्यावे, कारण थंडीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास गेले की वाढ तशीही थांबते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस पाणी पूर्ण बंद करावे आणि पाने पिवळी पडून वाळू द्यावीत. मार्चमध्ये कंद काढावेत, माती झटकून (या वेळी धुवू नयेत) सावलीत, हवेशीर जागी, गोणपाटावर किंवा बांबूच्या टोपलीत एका थरात पसरून चार ते सहा आठवडे ठेवावेत. आठवड्यातून एकदा वरखाली करावेत आणि मऊ पडलेला, वास येणारा किंवा बुरशी धरलेला कंद लगेच दूर करावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कंद घाम धरतात आणि आतल्या आत कुजतात. उन्हात टाकलेले सुरकुततात. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये लागवड केली की पावसाआधी मुळे धरतात आणि ऑगस्टपासून दांडे सुरू होतात, म्हणजे सणासुदीला घरची फुले मिळतात.

ज्या वर्षी कंद काढायचे नसतील, त्या वर्षीही फेब्रुवारी ते एप्रिल ही कोरडी विश्रांती द्यावीच. कुंडी वळचणीला, जिथे चुकूनही पाणी पडणार नाही अशा जागी सरकवून ठेवावी. वाफ्यात त्याच जागी मौसमी फुलझाडे लावून त्यांना रोज पाणी घालण्याची पद्धत असेल, तर निशिगंधाचा वाफा वेगळा करणे हाच मार्ग आहे.

पावसाळ्यातली कुज

कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर तक्रारीचे स्वरूप वेगळे असते. तिथे पाने येतात, दांडाही डोकावतो, आणि जुलैत एखाद्या दिवशी सगळा झुबका बुडातून सुटून हातात येतो. बुडाशी पांढरे, कापसासारखे तंतू आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम रोल्फसाय या बुरशीची कुज समजावी. ते दाणे म्हणजे बुरशीचे बीजच. ते मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणून रोगट झाड भोवतालच्या मातीसकट उचलून बागेबाहेर टाकावे, कंपोस्टच्या खड्ड्यात अजिबात टाकू नये, आणि त्या जागी किंवा त्या मातीत पुन्हा निशिगंध लावू नये. तंतू किंवा दाणे नसतील आणि कंद नुसताच पाणथळ, दुर्गंधी सुटलेला असेल, तर दोष बहुधा निचऱ्याचा असतो.

निचरा सुधारण्याचे काम पावसाआधीच व्हायला हवे, कारण जुलैत चिखलात हात घालून काही साधत नाही. देशावरच्या भारी काळ्या मातीत कंद सपाट जमिनीवर लावूच नयेत. वीतभर उंच गादीवाफा करावा आणि मातीत जाडसर वाळू व शेणखत भरपूर मिसळावे. कुंडीसाठी दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण मला समाधानकारक वाटते. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाकावी, भोके मोकळी आहेत का ते काडीने तपासावे आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी. अतिपावसाच्या भागात कुंडी पागोळ्यांच्या आत, पण ऊन लागेल अशी ठेवावी. लागवडीपूर्वी कंद ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या किंवा कॅप्टन या बुरशीनाशकाच्या द्रावणात, पाकिटावरील प्रमाणात, साधारण २० मिनिटे बुडवून सावलीत सुकवले तर कुज बरीच आटोक्यात राहते. दोन्ही एकत्र मात्र करू नयेत, कारण ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे.

लागवडीनंतर कोंब दिसेपर्यंत पाणी घालण्याची घाई हेही कुजीचे कारण ठरते. लावताना एकदा पाणी द्यावे आणि कोंब वर येईपर्यंत माती केवळ किंचित ओलसर राहील इतकेच पाहावे. मुळे नसलेला कंद पाणी शोषू शकत नाही.

दांडा येतो, पण कळ्या उमलत नाहीत

याचे कारण अनेकदा जातीत असते. डबल पाकळ्यांच्या जाती दांड्यावर भारदस्त दिसतात, परंतु दमट हवेत किंवा सततच्या पावसात त्यांच्या कळ्या अर्धवट राहून तपकिरी पडतात, आणि वरच्या टोकाच्या कळ्या तर पुष्कळदा उमलतच नाहीत. सिंगल जाती सहज उमलतात आणि त्यांचा सुवासही अधिक असतो. हार-वेण्यांसाठी दादरच्या किंवा पुण्याच्या फूलबाजारात किलोवर विकली जाणारी सुटी फुले सिंगलचीच असतात. घरच्या बागेसाठी, विशेषतः पहिल्यांदा लावणाऱ्याने, सिंगलच निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. बंगळूरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल या सिंगल जाती प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या कळ्यांवर हलकी गुलाबी छटा असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी ही आणखी एक चांगली सिंगल जात. सुवासिनी ही हेसरघट्ट्याचीच, पण डबल.

जात सिंगल असूनही कळ्या वेड्यावाकड्या, चट्टेदार किंवा वाळलेल्या निघाल्या, तर कळी पांढऱ्या कागदावर झटकून पाहावी. बारीक, लांबट, सरपटणारे किडे पडले तर ते फुलकिडे. कळीला गोल भोक असेल तर आत अळी असते. ती हाताने वेचून मारणे घरच्या बागेत सहज शक्य आहे. फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने करावी आणि सुकलेल्या कळ्या झाडावर ठेवू नयेत. कडक उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर आलेले दांडे आखूड आणि विरळ कळ्यांचे असणे स्वाभाविक आहे. त्यावर उपचाराची गरज नाही.

मुळांवर गाठी

सगळे जागच्या जागी आहे, ऊन आहे, कंद निवडलेले आहेत, विश्रांतीही झाली, आणि तरी झाड खुरटलेले, पाने फिकट, दांडा नाही. अशा झाडाची मुळे धुऊन उजेडात धरावीत. निरोगी मूळ पांढरट, सरळ आणि सारख्या जाडीचे असते. मुळांवर जागोजागी फुगीर गाठी असतील तर सूत्रकृमी लागले आहेत. ही कीड डोळ्यांना दिसत नाही आणि तिचा प्रसार कंदांबरोबर, मातीबरोबर होतो.

इथे कंद कुठून आणतो याला महत्त्व येते. शेतकरी तीन वर्षांचे पीक मोडतात तेव्हा कंद स्वस्तात, कधी फुकटही मिळतात, आणि घरच्या बागेसाठी ती उत्तम संधी असते. पण त्याच कंदांच्या मुळांतून सूत्रकृमी घरी येऊ शकतात. असे कंद आणले तर मुळे पूर्ण छाटून, चिकटलेली माती काढून, विश्रांतीनंतर एका वेगळ्या कुंडीत एक हंगाम वाढवून पाहावेत आणि मगच बाकीच्या बागेत न्यावेत. विकत घेताना निवडीला वाव असेल तर शृंगार घ्यावा, कारण गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो बऱ्यापैकी दाद देत नाही.

गाठी सापडल्या तर कुंडीतली माती पूर्ण बदलावी आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी. वाफ्यात माती बदलता येत नाही. तिथे कंद काढून एक संपूर्ण हंगाम दाट झेंडू लावावा, कारण झेंडूच्या मुळांतील द्रव्ये या सूत्रकृमींना मारक ठरतात, आणि उन्हाळ्यात माती उकरून, ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे तापू द्यावी. पुढच्या लागवडीत निंबोळी पेंड सढळ हाताने वापरावी. गाठी आलेले कंद वाचवण्याचा खटाटोप मी कोणाला सुचवत नाही.

परदेशातल्या थंड प्रदेशांत राहणाऱ्या मराठी मंडळींची अडचण उलट दिशेची असते: कंदाला विश्रांती भरपूर मिळते, पण फुलायला लागणारे चार उबदार महिने पुरे होत नाहीत, आणि दांडा येतो तोवर थंडी दाराशी आलेली असते. त्यांनी मार्च-एप्रिलमध्येच कंद घरात, उबदार खिडकीत कुंडीत लावावेत, दहिवराचा धोका टळल्यावर कुंडी बाहेरच्या उन्हात न्यावी आणि शरद ऋतूत पहिल्या दहिवराआधी आत आणावी. पाने वाळल्यावर कंद काढून, कोरड्या पीटमध्ये किंवा कागदी पिशवीत, गोठणार नाही अशा जागी ठेवावेत. तिथल्या दुकानांत मिळणारे कंद बहुधा डबल जातीचे असतात. सिंगल मिळाला तर तोच घ्यावा, कारण थंड, ओल्या सप्टेंबरात डबलच्या कळ्या उमलणे कठीणच.

वरील सगळे करूनही एखादे बेट फुलले नाही, तर त्याला आणखी एक हंगाम द्यावा: मोठे कंद निवडून, कोरडी विश्रांती देऊन, नव्या मातीत, पुऱ्या उन्हात. लागवडीच्या दिवशी कुंडीवर तारीख, जात आणि कंदाचा अंदाजे आकार लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजाने खत घालण्याची पाळी येणार नाही. त्या हंगामातही दांडा आला नाही, तर ते कंद काढून टाकावेत आणि पिल्लांच्या टबातले नवे लावावेत.